निबंध सुधारायला एकेका पोराला समोर बसवून बोलायचं, हे कोणी केलंय का?

वऱ्हाडी_ठेचा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज प्रश्न घेऊन आलोय. मी वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी सिनियर कॉलेजला मराठी शिकवतो. नवीन धोरण आल्यापासून आमच्याकडे एफवायला मराठीचा दोन क्रेडिटचा पेपर आहे, एका क्रेडिटचे १५ तास म्हणजे सेमिस्टरभर मिळून ३० तास, आणि त्यात निबंध, सारांशलेखन, अर्ज, अहवाल सगळं कोंबलंय. पटावर ७२ पोरं, रोज तोंड दाखवणारी चाळीसेक.

निबंध दिला की काय येतं ते इथल्या मास्तर लोकांना सांगायला नको. "भारत हा कृषिप्रधान देश आहे"ने सुरुवात, मधे कुठेतरी "शेतकरी हा जगाचा पोशिंदा", शेवटी "म्हणून आपण सर्वांनी बळीराजाला साथ दिली पाहिजे". विषय मोबाईल असो, पाणी असो, नाहीतर बेरोजगारी, सांगाडा तोच, शाप की वरदान. शाळेपासून गाइडातलं पाठ करत आलीयेत पोरं आणि त्यांचाही दोष नाही, मार्क त्यालाच मिळत गेले. मी लाल पेनाने समास भरून लिहितो, "मुद्दा स्पष्ट करा", "उदाहरण द्या", "शुद्धलेखन!!", पोरगं मार्क बघतं, कागदाची घडी घालतं, बॅगेत टाकतं, संपलं. पुढच्या निबंधात परत तेच.

परवा एक पोरगा स्टाफरूममधे आला, "सर, मले धापैकी चारच काहून?" म्हणून. निबंध 'शेतकऱ्यांच्या समस्या'. मी सहज विचारलं, घरी शेती आहे का रे? आहे म्हणे, सोयाबीन. मग यंदा विकलं का? तर गडी जो सुरू झाला तो थांबेचना. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ जाहीर झालाय पण सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, काढणीलाच पाऊस लागला, मीटर १६ दाखवत होतं, ट्रॅक्टरचं भाडं अंगावर घेऊन माल परत घरी आणला, ताडपत्रीवर वाळत घातला, तेवढ्यात बहिणीची फी भरायची तारीख आली आणि शेवटी गावातल्या व्यापाऱ्याला पडेल त्या भावात घातला. यातलं एक अक्षर त्याच्या निबंधात नव्हतं. म्हटलं हे का नाही लिहिलं? तर म्हणे, "सर, हे निबंधात लिवतेत का?"

तेव्हापासून डोक्यात आहे की प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं समोर बसवायचं, त्याचाच निबंध मधे ठेवायचा आणि बोलायचं. कोणी असं नेमाने केलंय का? काय विचारायचं, किती वेळ, जी पोरं तोंडच उघडत नाहीत त्यांचं काय करायचं, आणि मुख्य म्हणजे वेळ कुठून काढायचा?

---

झुळूक

रिटायर झालेय आता, पण रत्नागिरी जिल्ह्यात नोकरी होती तेव्हा शेवटची बरीच वर्षं हेच केलं, आणि सांगते की करण्यासारखं आहे. तुमचा सोयाबीनवाला प्रसंग वाचून मजा वाटली कारण तुम्ही न ठरवता तेच केलंत जे ठरवून करायला फार जड जातं, म्हणजे निबंध बाजूला ठेवून त्याला माणसासारखं विचारलंत.

माझी पद्धत अशी होती. विद्यार्थी आला की निबंध त्याच्याच हातात द्यायचा आणि मोठ्याने वाच म्हणायचं. आपण कागद बघायचाच नाही, नुसतं ऐकायचं. आणि पेन ड्रॉवरमधे. हे पेनाचं मनावर घ्या, हातात पेन असलं की आपण दुसऱ्या ओळीवर वेलांटी दुरुस्त करतोच, हात ऐकत नाही, आणि एकदा का पोराला दिसलं की बाई वेलांट्या बघतायत की तो पुढचं सगळं विसरतो. वाचताना तो जिथे अडखळतो तिथे बहुतेक वाक्यच बिघडलेलं असतं, आणि गंमत म्हणजे निम्म्या वेळा तो वाचता वाचताच बरोबर करून वाचतो, कागदावर "मी गेलो आणि तिथे गेल्यावर तिथे" असं असतं आणि तोंडातून सरळ वाक्य येतं. तिथेच थांबवायचं, आत्ता काय म्हणालास? ते लिही.

वाचून झालं की माझे प्रश्न ठरलेले. यातलं तुला स्वतःला कुठलं वाक्य आवडलं? कुठलं तू दुसरीकडून उचललंस (हे हसत विचारायचं, दरडावून नाही)? आणि एखाद्याने तुला म्हटलं की हे खोटं आहे, तर तू काय सांगशील? तिसऱ्या प्रश्नावर खरा माल बाहेर येतो.

एक मुलगी 'माझे गाव'वर लिहून आलेली. निसर्गरम्य, नारळी-पोफळीच्या बागा, प्रेमळ माणसं, सगळं होतं. मी म्हटलं, बरं, मे महिन्यात गाव कसं असतं? गप्प बसली. मग म्हणाली, मे महिन्यात टँकर येतो बाई. आता बघा, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा आमचा भाग आणि मे महिन्यात टँकर! जांभा दगड आणि उतार, पाणी थांबत नाही, सरळ समुद्रात. हे तिला भूगोलात शिकवलेलं होतं आणि टँकरच्या रांगेत हंडा घेऊन ती स्वतः उभी राहिलेली होती, पण दोन्हीची गाठ निबंधात कधी पडली नव्हती. मी फक्त एवढंच म्हटलं की हे दोन्ही एका पानावर लिही. दुसरा खर्डा आणला त्यात नारळी-पोफळी एका ओळीत आटोपल्या होत्या.

शेवटची दोन मिनिटं मात्र राखून ठेवायची. त्याला म्हणायचं, आता तू यात काय बदलणार ते याच कागदाच्या मागे तुझ्या हाताने लिही. आपण सांगितलेलं विसरतात, स्वतः लिहिलेलं लक्षात राहतं. आणि बदल एकच, फार तर दोन.

गप्प पोरांबद्दल नंतर लिहिते, नातू उठला.

---

तासिकावाला

ताई, तुमचं सगळं पटलं. आता जरा हिशोब. ७२ गुणिले १५ मिनिटं म्हणजे १८ तास. एका निबंधाचे. अख्ख्या पेपरला तास आहेत ३०. बाकीचे अर्ज, अहवाल कधी शिकवायचे?

आणि मी आहे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. आम्हाला पैसे वर्गात उभं राहून घेतलेल्या तासाचे मिळतात, तेही कधी मिळतील तेव्हा. स्टाफरूममधे पोराला समोर बसवून बोललं तर तो तास कुठल्या रकान्यात लिहायचा? परमनंट लोकांनी जरूर करावं, आमच्यासारख्याने दोन कॉलेजांच्या मधली एसटी पकडायची की पोराच्या गावच्या टँकरबद्दल ऐकत बसायचं. कडू वाटेल, पण महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजात अर्धं डिपार्टमेंट आमच्यासारख्यांवर चालतंय, तेव्हा सल्ला देताना हे धरून चाला.

बरं, नुसती कुरकुर करून जात नाही. मी काय करतो ते सांगतो. चार-चारच्या गटात बसवतो. एकाने वाचायचं, तिघांनी फक्त एवढंच सांगायचं की त्यांना काय ऐकू आलं, म्हणजे "तू असं म्हणालास की...". चांगलं-वाईट बोलायचं नाही. वाचणाऱ्याला लगेच कळतं की आपल्याला म्हणायचं होतं एक आणि पोहोचलं भलतंच. मी या गटातून त्या गटात फिरतो. एकेकट्याशी बोलण्याची सर नाही त्याला, मान्य, पण तासात बसतं.

दुसरं, मूळ धागाकर्त्यासाठी. तुमच्याकडे नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) मेंटॉर-मेंटीची यादी असेलच. प्रत्येक मास्तराच्या नावावर वीस-पंचवीस पोरं टाकलेली असतात आणि वर्षाच्या शेवटी रजिस्टरवर "करिअर मार्गदर्शन केले" असं लिहून सह्या घेतल्या जातात. ती भेट अशीही कागदावर दाखवायचीच आहे, तर मग तीच निबंधाची भेट करा. प्राचार्य खूश, रजिस्टर खरं.

---

मक्याच्या_शेतातून

मी सध्या अमेरिकेत पीएचडी करतेय आणि टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून फर्स्ट इयरच्या पोरांना कॉम्पोझिशन शिकवते, म्हणजे निबंधच. तर इथे हे अगदी रुळलेलं आहे. सेमिस्टरमधे एक-दोन आठवडे 'कॉन्फरन्स वीक' असतो, त्या आठवड्यात रेग्युलर क्लास रद्द, त्याऐवजी दारावर कागद चिकटवायचा (आता ऑनलाइन शीट), पोरं आपापला वीस मिनिटांचा स्लॉट निवडतात आणि खर्डा घेऊन येतात. पण तासिकावाला सरांचा मुद्दा इथेही तंतोतंत लागू आहे, एका वर्गात २०-२५ पोरं असतात म्हणून हे जमतं. ७२ ला कोणीही करू शकणार नाही, कितीही डॉलर दिले तरी.

इथे या प्रकाराचे मोठे पुरस्कर्ते म्हणजे डोनाल्ड मरी, न्यू हॅम्पशायर विद्यापीठात शिकवायचे, आधी पत्रकार होते, १९५४ मधे संपादकीय लेखनासाठी पुलित्झर मिळालेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की आधी विद्यार्थी बोलणार, तो स्वतःच्या लिखाणाबद्दल काय म्हणतो ते ऐकून मग शिक्षक. ऐकायला सोपं आहे. मी पहिल्यांदा करायला गेले तेव्हा "सो, हाऊ डू यू फील अबाउट युवर ड्राफ्ट?" विचारलं, तर पोरगा म्हणाला "इट्स फाइन" आणि दोघं एकमेकांकडे बघत बसलो. म्हणजे अमेरिकन पोरं घडाघडा बोलतात आणि आपलीच बुजरी हा गैरसमज काढून टाका. प्रश्न मोघम असला की उत्तर मोघम. त्यापेक्षा झुळूकताईंचे प्रश्न शंभरपट बरे.

पण वऱ्हाडी_ठेचा, तुमच्या कामाचा माणूस मरी नाही, रॉजर गॅरिसन आहे. ते मेन राज्यात वेस्टब्रुक नावाच्या छोट्या कॉलेजात शिकवायचे, १९७०च्या दशकात त्यांनी अशी पद्धत मांडली की वर्गात लेक्चर द्यायचंच नाही, वर्ग म्हणजे लिहिण्याची जागा. सगळी पोरं बसून लिहितायत, मास्तर कोपऱ्यात टेबलावर, आणि एकेक जण उठून कागद घेऊन येतो, तीन-चार-पाच मिनिटं बोलणं, परत जागेवर जाऊन लिहायला. एका भेटीत एकच गोष्ट. आणि क्रम पक्का, आधी सांगण्यासारखं काही आहे का, माहिती पुरेशी आहे का, मग तू कुठे उभा राहून हे सांगतोयस, मग मांडणी, मग वाक्यं, शब्द सगळ्यात शेवटी. पहिलं जमलेलं नसेल तर पाचव्याकडे ढुंकूनही बघायचं नाही.

याने तासिकावाला सरांचाही प्रश्न सुटतो कारण हे सगळं वर्गातच, तासातच होतं. ४० पोरं हजर, ६० मिनिटांचा तास, पाच मिनिटं धरली तरी एका तासात दहाबारा होतात. आठवड्याला दोन तास, दोन आठवड्यात वर्ग संपला. बाकीची पोरं गोंधळ करतील का? पहिल्या तासाला करतील. हातात लिहायचं काम असेल आणि नंबर येणार हे माहीत असेल तर बसतात.

---

दीर्घ_वेलांटी

सगळे जण शुद्धलेखनाला शेवटच्या बाकावर बसवतायत म्हणून माझा निषेध नोंदवून ठेवतो :)

मान्य आहे, विचार आधी. पण विद्यापीठाचा पेपर तपासणारा माझ्यासारखाच कोणीतरी असतो, त्याच्यासमोर "गरीबाला" आलं की कपाळाला आठी पडते. तेव्हा समोर बसवलंच आहे तर शेवटची तीन मिनिटं मला द्या. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे १४ आणि १९७२ मधे भर पडलेले ४, एकूण १८. हे अठरा नियम फळ्यावर शिकवून कोणाचं काही भलं झालेलं मी बघितलेलं नाही. पण एकेकट्याच्या कागदावर बघितलं तर लक्षात येतं की एक पोरगं अठरा प्रकारच्या चुका करतच नाही. एक-दोनच प्रकार असतात, तेच पुन्हा पुन्हा. बहुतेकांचं अडतं ते उपान्त्य दीर्घावर, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराच्या दीर्घ वेलांटी-उकारावर. गरीब दीर्घ, पण गरिबाला ऱ्हस्व. फूल पण फुलाला, वकील पण वकिलाने, जमीन पण जमिनीत. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडून द्या, त्यांना हा नियम नाही. हा एक नियम त्याच्याच निबंधातले चार शब्द घेऊन दाखवला की पाचवा तो स्वतः शोधून काढतो. कागदावर खूण करायची नाही, फक्त म्हणायचं, या परिच्छेदात अशा अजून दोन आहेत, शोध.

लाल पेनाने चाळीस गोल मारण्यापेक्षा हे बरं की नाही?

---

एमपीएससीग्रस्त

पुण्यात अभ्यासिकेत बसून लिहितोय त्यामुळे थोडक्यात लिहीन म्हणता म्हणता लांबेल, माफी.

आमच्याकडे निबंधाला आता सोन्याचा भाव आलाय. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, आधी २०२३ लाच होणार होती, मग पुण्यात आंदोलनं झाली आणि पुढे गेली. आता यूपीएससीसारखाच निबंधाचा २५० मार्कांचा स्वतंत्र पेपर. इतकी वर्षं गोल काळे करणारी आम्ही पोरं, एकदम हजार-बाराशे शब्द लिहा म्हटल्यावर तोंडचं पाणी पळालं. मग काय, क्लासवाल्यांची टेस्ट सिरीज. कॉपी तपासून येते, शेवटी शेरा, "चांगला प्रयत्न, अजून आयाम हवेत, प्रेझेंटेशन सुधारा." कसले आयाम? कुठे हवेत? ज्याने तपासली त्याचं तोंड कधी दिसत नाही.

मला फरक पडला तो अभ्यासिकेतल्या एका सीनियरमुळे. चहाला जाताना तो निबंध मागायचाच नाही, म्हणायचा, एका वाक्यात सांग तुझं म्हणणं काय आहे. मी सांगायचो, तो म्हणायचा "म्हणजे काय?" परत सांगायचो, परत "बरं, मग?" इतका वैताग यायचा. पण टपरीपर्यंत पोहोचेपर्यंत माझं मलाच कळायचं की मी विषयाच्या भोवती फिरतोय, विषयात शिरलेलोच नाही.

पण मला वरच्या सगळ्यांशी एका बाबतीत वाद घालायचाय. पोराने आपला अनुभव सांगितला, डोळे पाणावले, लिही म्हटलं, झालं? सोयाबीनची गोष्ट ही गोष्ट आहे, निबंध अजून नाही. समोर बसवल्याचा खरा उपयोग त्याच्या पुढच्या टप्प्यात आहे. त्याला विचारा, १२ टक्क्यांची अट का घातली असेल? उगाच छळायला? नाही, ओला माल गोदामात ठेवला तर बुरशी धरतो. म्हणजे अट चुकीची नाही. मग चूक कुठे आहे? मोठ्या शेतकऱ्याला हीच अट का टोचत नाही? कारण त्याच्याकडे शेड आहे, तो महिनाभर थांबू शकतो. तुझे बाबा का थांबू शकले नाहीत? फी. म्हणजे हमीभाव आहे, पण तो ज्याला थांबायला परवडतं त्याच्यासाठी आहे. हे वाक्य पोराच्या तोंडून आलं की निबंध झाला. आणि हे लाल पेनाने समासात लिहून कधीच होणार नाही, कारण प्रत्येक प्रश्न आधीच्या उत्तरावर अवलंबून आहे.

---

सुमा_वाशीमवाली

मी मास्तर नाही, विद्यार्थिनी होते, तेवढं सांगते. पहिली गोष्ट, स्टाफरूमच्या दारातून आत जायचीच भीती वाटते. आत सहा-सात सर-मॅडम डबा खात बसलेले असतात, सगळे वर बघतात, "काय गं, काय पाहिजे?" आपलं तिथेच अर्धं बोलणं मरतं. स्टाफरूममधे बोलावू नका.

दुसरी गोष्ट भाषेची. आमच्या मॅडम चांगल्या होत्या, मला म्हणाल्या बोलतेस तसं लिही. मी तसंच लिहिलं, "माही माय सकाळी चारले उठते". मॅडमनी वर्गात वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या. विद्यापीठाच्या परीक्षेत तसंच लिहिलं तर काय झालं असेल ते सांगत नाही. म्हणजे नुसतं बोलतेस तसं लिही म्हणून सोडून देऊ नका हो. पहिला खर्डा घरच्या भाषेत लिहू द्या, त्यात खूप काही येतं जे प्रमाण भाषेत सुचतच नाही, पण मग समोर बसवून दोघांनी मिळून तो प्रमाण भाषेत आणा आणि कुठले शब्द तसेच ठेवायचे तेही ठरवा. माझा 'चारले'चा 'चार वाजता' करायला काहीच हरकत नव्हती, माय मात्र मायच राहायला हवी होती.

---

वऱ्हाडी_ठेचा

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. गॅरिसनची युक्ती लगेच करून बघितली. टेबल वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात नेलं म्हणजे पोरांची पाठ माझ्याकडे आणि जो येईल त्याचं बोलणं इतरांना फारसं ऐकू जात नाही. पहिल्या तासाला बाजार भरल्यासारखा गोंगाट होता, मग शांत झाले. पाच मिनिटात एकाचं होत नाही हे खरं, सात-आठ जातात. सुमाताई, स्टाफरूमचं लक्षातच आलं नव्हतं, बरं झालं सांगितलंत.

सोयाबीनवाल्या पोराला विचारून त्याच्या नव्या खर्ड्याची सुरुवात इथे देतोय, जशी आहे तशी:

"आमचे सोयाबीन केंद्रावर नेले तेव्हा मीटरने १६ टक्के ओलावा दाखवला. १२ च्या आत पाहिजे होता. साहेबाने पोते परत बांधायला सांगितले. माझ्या बाबांनी वाद घातला नाही कारण मागे ट्रॅक्टरची लाइन होती. हमीभाव ५३२८ रुपये आहे हे आम्हाला माहित आहे पण तो वाळलेल्या सोयाबीनला आहे आणि आमच्याकडे वाळवायला जागा नाही आणि दिवसही नाही."

यानंतर मात्र दुसऱ्या परिच्छेदात परत "अशा प्रकारे शेतकरी हा जगाचा पोशिंदा असून"! हसावं की रडावं कळेना.

एक अडचण आहे. पाचसहा पोरांचं लिखाण एकदम गुळगुळीत येतंय, "बहुआयामी", "सर्वसमावेशक दृष्टिकोन" वगैरे, चॅटजीपीटीचं आहे हे शेंबडं पोर सांगेल. त्यांना काय म्हणायचं? आणि गप्प बसणाऱ्यांचं राहिलंच.

---

दीर्घ_वेलांटी

पोते नाही, पोती. आणि माहीत दीर्घ. बाकी "दिवसही नाही" ला माझ्याकडून दहापैकी नऊ.

---

एमपीएससीग्रस्त

पोशिंदा परत आला कारण पुढे काय म्हणायचं ते त्याला अजून माहीत नाही. पाठ केलेली वाक्यं तिथेच येतात जिथे विचार संपतो. माझं पण तेच होतं. पुढच्या भेटीत फक्त त्या जागेवर बोट ठेवा आणि विचारा, मग?

---

मक्याच्या_शेतातून

चॅटजीपीटीचा प्रश्न इथेही रोजचाच. आरोप करायचा नाही, एक तर सिद्ध करता येत नाही आणि दुसरं म्हणजे ज्याने खरंच स्वतः लिहिलंय त्याच्यावर केला तर तो कायमचा तुटतो. मी कागद उलटा ठेवते आणि म्हणते, सांग तुझ्या दुसऱ्या परिच्छेदात काय आहे. स्वतः लिहिणाऱ्याला शब्दन् शब्द आठवत नाही पण मुद्दा सांगता येतो, आणि सांगताना तो बहुतेक "पण मला ते नीट जमलं नाही" असं काहीतरी स्वतःहून म्हणतो. दुसऱ्याला काहीच सांगता येत नाही. मग मी म्हणते ठीक आहे, 'सर्वसमावेशक' म्हणजे तुझ्या गावात काय होईल ते सांग, मी ऐकते आणि तू लिही. तिथल्या तिथे पाच ओळी. त्या पाच ओळी वाईट असतात पण त्याच्या असतात, तिथून काम सुरू करता येतं. काही जण तरीही पुढच्या वेळी तेच करून आणतात, सगळ्यांवर चालतं असं नाही म्हणणार मी.

---

झुळूक

आले परत. गप्प पोरांचं असं आहे की ती गप्प नसतात, आपल्याला धीर नसतो. प्रश्न विचारल्यावर आपण तीन सेकंदात स्वतःच उत्तर देऊन टाकतो, शिक्षकाचा स्वभावच तो. प्रश्न विचारला की मनात वीसपर्यंत आकडे मोजा. बाहेर बघा, पाणी प्या, त्याच्याकडे टक लावून बघू नका. बहुतेक जण पंधराच्या आत बोलतात.

तरी नाही बोलला तर लिहायला सांगा. काही मुलांना लिहूनच बोलता येतं. मी चिठ्ठी द्यायचे, "या विषयाचं नाव ऐकल्यावर पहिलं कोण आठवलं?" एवढंच. एका मुलाने 'व्यसनमुक्ती'वर लिहिलं होतं, चिठ्ठीवर वडिलांचं नाव लिहिलं. तिथे मी पुढे काही विचारलं नाही, फक्त म्हटलं, तुला दुसरा विषय घ्यायचा असेल तर घे. त्याने घेतला. समोर बसवलं की अशी दारं उघडतात, म्हणून उकरायचं किती आणि थांबायचं कुठे हे आपण ठरवून ठेवायला हवं, निबंधाच्या दहा मार्कांसाठी पोराचं घर उघडं पाडायचं नाही. आणि असा पेपर वर्गात कधीच वाचून दाखवायचा नाही, सुमाच्या मॅडमसारखा कौतुकाने सुद्धा, विचारल्याशिवाय.

---

तासिकावाला

आणखी एक व्यवहाराची गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. वर्गाबाहेर भेटी घेणार असाल तर रिकाम्या वर्गात, दार लोटून, एकट्या मुलीला बसवून बोलू नका. तुमचा हेतू कितीही चांगला असो, तालुक्याच्या गावात दुपारी सुरू झालेली गोष्ट संध्याकाळी स्टँडवर पोहोचते, आणि त्रास मुलीला जास्त होतो, घरून कॉलेजच बंद करतात. लायब्ररीच्या वाचनकक्षात कोपऱ्यातलं टेबल मागा, ग्रंथपालांना आधी सांगून ठेवा. आवाज फार नको म्हणतील, तेही बरंच, आपोआप हळू बोललं जातं. वेळेचं वेळापत्रक नोटीस बोर्डावर लावा, म्हणजे कोणाला बोलावलंय, कशासाठी, सगळ्यांना दिसतं. आणि एसटीने येणाऱ्या पोरींना शेवटचा स्लॉट देऊ नका, साडेचारची गाडी चुकली की पुढची कधी येईल भरवसा नसतो.

त्या वेळापत्रकाचीच एक झेरॉक्स मेंटॉर रजिस्टरला लावून ठेवा. नॅकवाले आले की फोटो मागतात, तेव्हा पळापळ नको.

---

वऱ्हाडी_ठेचा

ग्रंथपाल मॅडमशी बोललो, मंगळवार-शुक्रवार दुपारी तीन ते साडेचार टेबल मिळालं. वर्गात छोट्या भेटी आणि ज्यांचं अडलंय फक्त त्यांना लायब्ररीत, असं ठरवतोय, म्हणजे १८ तास लागणार नाहीत. पुढचा विषय मी देणारच नाहीये, पोरांनाच आणायला सांगितलाय, आत्तापर्यंत आलेले तीन विषय म्हणजे 'एसटीचा पास', 'आमच्या गावात लग्नाला मुली का मिळत नाहीत' आणि 'मोबाईल शाप की वरदान'. तिसऱ्याला शुक्रवारी पहिला बोलावलाय.